वेड जाईना, लग्न होईना: आर्थिक मानवशास्त्रात पीएचडीच्या सुरुवातीला पैसे देतं कोण?

आर्थिक मानवशास्त्रात, म्हणजे लोक कमावतात, विकतात, उधार घेतात कसं हे त्यांच्यात राहून बघणाऱ्या विद्येत, पीएचडीला लागलेल्यांचं एक ठरलेलं रडगाणं आहे. मोठी ग्रँट हवी तर प्रपोजलमध्ये लिहा की कुठे जाणार, कोणाशी बोलणार, बाजार बघणार की सावकारी, भाषा येते का, ओळखी आहेत का. आणि हे सगळं खरंखुरं लिहायचं तर आधी तिथे महिना-दोन महिने राहून यायला पाहिजे, आणि नेमके त्याच महिना-दोन महिन्यांचे पैसे द्यायला फारसं कोणी तयार नसतं. ही अडचण आली कुठून हे बघायचं तर शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा पीएचडीला फिल्डवर्क, म्हणजे लोकांत जाऊन राहून केलेला अभ्यास, लागतंच असं नव्हतं. रेमंड फर्थ १९२४ मध्ये न्यूझीलंडहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आला तो गोठवलेल्या मांसाच्या धंद्यावर अर्थशास्त्राचा प्रबंध लिहायला. तिथे मानवशास्त्रज्ञ मॅलिनॉव्स्की भेटले, विषय बदलला, आणि १९२७ मध्ये पीएचडी मिळाली ती न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांच्या अर्थव्यवहारावर, बरीचशी लायब्ररीत बसून केलेली. पॅसिफिकमधल्या तिकोपिया बेटावर फिल्डवर्कला तो गेला १९२८ ला, म्हणजे पीएचडी झाल्यावर! मॅलिनॉव्स्कींची विद्यार्थिनी ऑड्री रिचर्ड्स हिचंही तसंच, भूक आणि काम यांवरचा तिचा प्रबंध इतरांनी गोळा केलेल्या माहितीवर उभा होता, आणि आफ्रिकेतल्या बेम्बा लोकांमधलं तिचं गाजलेलं काम नंतरचं.

खुद्द मॅलिनॉव्स्कींची गोष्ट तर अजून गमतीची. ते १९१४ ला ऑस्ट्रेलियात पोचले आणि युद्ध पेटलं, हे ऑस्ट्रियाचे नागरिक, म्हणजे कागदोपत्री शत्रूच, तरी काम करायची परवानगी मिळाली, लंडनहून त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी खटपट करून रॉबर्ट मॉन्ड यांच्या नावाची स्टुडंटशिप मिळवून दिली होती, थोडे पैसे ऑस्ट्रेलियन सरकारनेही दिले. त्यातून न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवरच्या 'कुला' नावाच्या, हार-कंकणांच्या देवघेवीचा अभ्यास झाला, आणि 'फिल्डवर्क म्हणजे दीर्घ मुक्काम' हा दंडक पडला. दंडक पडला खरा, पण त्याचा खर्च कोण करणार हा प्रश्न तिथेच सुरू झाला.

उत्तर अमेरिकेतून आलं. रॉकफेलरच्या तेलाचा पैसा १९२०च्या दशकात समाजशास्त्रांकडे वळला होता. मॅलिनॉव्स्कींनी १९२९ मध्ये लेख लिहून सांगितलं की आमची विद्या वसाहतींच्या कारभाराला उपयोगी पडेल, जमीन, मजुरी, कर असे विषय आम्ही बघू. (हे ते किती मनापासून म्हणत होते कोण जाणे, पण प्रपोजल लिहिणाऱ्या कोणालाही हा सूर ओळखीचा वाटेल.) लंडनच्या आफ्रिकाविषयक संस्थेला रॉकफेलरची मोठी मदत मिळाली आणि १९३०च्या दशकात मेयर फोर्ट्स, नाडेल असे फेलो आफ्रिकेत गेले. आधी लंडनच्या सेमिनारमध्ये तालीम, मग फिल्ड. आजच्या फेलोशिपचा साचा साधारण इथलाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा वाढला आणि त्याबरोबर देणाऱ्याचे हेतूही वाढले. वेनर-ग्रेन फाउंडेशन, जे आजही या विद्येतलं सगळ्यात ओळखीचं नाव आहे, ते १९४१ ला 'व्हायकिंग फंड' म्हणून सुरू झालं, पैसा इलेक्ट्रोलक्सवाल्या स्वीडिश उद्योगपतीचा, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्या उद्योगपतीलाच काळ्या यादीत टाकलं. फोर्ड फाउंडेशन शीतयुद्धाच्या हिशोबाने आशियाकडे बघत होतं. त्याच पैशावर १९५०च्या दशकात एमआयटीमार्फत विद्यार्थ्यांची एक टीम इंडोनेशियातल्या पूर्व जावामधल्या एका गावात गेली. पुढे नावाजलेला मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ त्यातलाच, आणि अॅलिस ड्यूईसुद्धा, जिने तिथल्या बाजारातल्या विक्रेत्या बायकांची घासाघीस, उधारी, भागीदारी असं सगळं बारकाईने टिपलं. पैसा देणाऱ्याला हवा होता 'विकास', हाती आली भाजीबाजारातली उधारी.

मला वाटतं या विद्येतल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशा प्लॅन फसल्यावरच घडल्यात. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ किथ हार्ट १९६५ ला घानाला गेला तो अक्रातल्या स्थलांतरितांच्या संघटनांचं राजकारण अभ्यासायला. राजकारणावर बोलायची सोय नव्हती, मग तिथल्याच निमा या गरीब वस्तीत लोक पोट कसं भरतात, कोण चोरटा माल विकतो, कोण व्याजाने पैसे देतो हेच बघत बसला, आणि 'इन्फॉर्मल' अर्थव्यवस्था, म्हणजे सरकारी नोंदीबाहेरचे कामधंदे, ही कल्पना त्यातून आली. १९७२ च्या केनियावरच्या आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) अहवालाने ती उचलली आणि पुढे ती जगभर पसरली. आजच्या फॉर्ममध्ये त्याला 'विषयापासून भरकटला' असा शेरा मिळाला असता.

भरकटायची ही सवड ८०च्या दशकात कमी झाली. ब्रिटनमध्ये थॅचरच्या काळात संशोधनाला सरकारी पैसे देणारं सोशल सायन्स रिसर्च काउन्सिल बंदच करायचं घाटत होतं, १९८२ च्या रॉथशिल्ड चौकशीने ते वाचलं, पण १९८३ ला नावातून 'सायन्स' गेलं. नंतर नियम आला की विद्यार्थ्यांनी चार वर्षांत थिसिस द्यायचा, नाहीतर विभागाच्याच स्टुडंटशिप बंद. अमेरिकेत हॅरॉल्ड श्नायडर वगैरे मंडळींनी १९८० मध्ये आर्थिक मानवशास्त्राची वेगळी सोसायटी काढली, पण अशा सोसायट्यांकडे देणग्यांचे पैसे असून असून किती असणार. वेनर-ग्रेनची प्रबंधासाठीची ग्रँट आज २५,००० डॉलरपर्यंत मिळते, पण ती प्रश्न पक्का झालेल्याला. प्रश्न शोधायला जायचं असेल तर विभागाची छोटी समर ग्रँट, नाहीतर पदरमोड.

नाहीतर नोकरी. कॅरन हो प्रिन्स्टनमध्ये पीएचडी करत होती, वॉल स्ट्रीट अभ्यासायची तर आत शिरणार कसं, म्हणून १९९६ मध्ये सुट्टी टाकून तिने सरळ तिथल्या एका बँकेत नोकरीच धरली. प्राथमिक फिल्डवर्क, वर पगार! १९९७ ला बँकेने तिच्या अख्ख्या टीमला नारळ दिला. बँकर लोक नोकऱ्या एवढ्या सहज का कापतात, हाच मग तिच्या प्रबंधाचा विषय झाला, आणि १९९८ ला ती परत वॉल स्ट्रीटवर आली ती त्याच ओळखींच्या जोरावर मुलाखती घ्यायला.