बोटभर सैनिक आणि लाकडाचं रोगण

रंगवून वाळवलेला खेळातला बोटभर सैनिक बुडाशी पक्कडीत धरायचा, वुड स्टेनच्या, म्हणजे लाकडाला रंग देणाऱ्या रोगणाच्या, उघड्या डब्यात डोक्यापर्यंत बुडवायचा आणि वर काढून जोरात झटकायचा. थोड्याच वेळात अंगरख्याच्या चुण्यांत, पट्ट्याखाली, हनुवटीच्या कडेला तपकिरी सावली उतरते. खांदे, गुडघे, नाकाचा शेंडा मात्र उजळच राहतात. असे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळणाऱ्या छंदातले लोक या रीतीला नुसतं ‘डिप’ म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही कुणाला तरी अचानक सुचलेली युक्ती वाटते, पण ती जिथून आली तो रस्ता बराच लांबचा आहे.

सुरुवात प्रकाशापासून करावी लागते. माणूस छोटा करता येतो, खोलीतला उजेड छोटा करता येत नाही. २८ मिलिमीटर उंचीच्या आकृतीवर कापडाची घडी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर खोल असते. तिथे पडणारी खरी सावली इतकी फिकी असते की हातभर अंतरावरून आकृती सपाट दिसते. म्हणून सावली रंगानेच घालावी लागते.

हे सर्वांत आधी ओळखलं ते जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी आणि त्यांच्याकडच्या आकृत्या जमवणाऱ्यांनी. अठराव्या शतकात तिथे कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. पुढे १८४८ मध्ये हाइनरिखसन यांच्या कारखान्याने साधारण ३० मिलिमीटर हे माप धरलं आणि ते रूढ झालं. हे सैनिक नाण्यावरच्या उठावासारखे पातळ असत. त्यांना गोलाई द्यायची ती फक्त कुंचल्याने. छायांकनाची शिस्त या चपट्या सैनिकांमुळेच घडली असं माझं मत आहे. उत्तम रंगवलेला चपटा सैनिक समोरून पाहिला तर तो चपटा आहे यावर विश्वास बसत नाही.

दुसरा प्रवाह अगदी उलट दिशेचा. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ शिशाचे सैनिक बाजारात आणले. उंची ५४ मिलिमीटर, अंगावर चकचकीत इनॅमल, सावलीचं नाव नाही. लाल कोट म्हणजे एकसलग लाल. तो मुलांच्या हातातला सैनिक होता आणि त्याची चमक हेच त्याचं चिलखत होतं. १९१३ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांनी अशाच सैनिकांच्या लढाईचे नियम छापले. त्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा उडवून समोरचे सैनिक खरोखर पाडायचे असत. अशा वापरात नाजूक छटा काय टिकणार! एकीकडे सावली होती पण टिकाऊपणा नव्हता, दुसरीकडे टिकाऊपणा होता पण सावली नव्हती. या दोन गरजा एका डब्यात आणायला पुढची कित्येक दशकं गेली.

मधल्या काळात संख्या वाढली. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचं टेबलावरच्या युद्धांवरचं पुस्तक आल्यावर मोठ्या माणसांमध्ये हा छंद जोरात पसरला. एअरफिक्स कंपनीचे प्लास्टिकचे सैनिक स्वस्तात, डब्यांनी मिळू लागले. एका फौजेला शंभर-दोनशे आकृत्या लागत. एअरफिक्सचं मऊ पॉलिथीन रंगाला धरून ठेवत नसे. भाला वाकला की रंगाची खपली निघालीच, म्हणून लोक रंगावर पांढऱ्या गोंदाचा थर देऊन पाहत. शेकडो सैनिकांच्या प्रत्येक घडीत कुंचल्याने सावली भरणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं आणि वरून संरक्षणाचा थर तर हवाच होता.

सावली पातळ करून ओतायची कल्पना रणगाडे आणि देखावे बनवणाऱ्यांकडून आली. टर्पेंटाइनमध्ये खूप पातळ केलेला गडद तपकिरी तैलरंग आकृतीवर फिरवायचा, तो खाचांत साचू द्यायचा आणि मग उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उजळ रंग घासायचा. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांनी ही वॉश आणि ड्रायब्रशची जोडी विलक्षण लोकप्रिय केली. काही जण पातळ अ‍ॅक्रिलिक रंगात फरशीचं चकाकीचं द्रव मिसळून वॉश बनवत. घरगुती वापराच्या बाटल्यांकडे छंदाची नजर आधीच वळलेली होती.

मग लाकडाचं रोगण. इथे थोडं थांबायला हवं, कारण जोड फार नेमकी बसली आहे. लाकडाच्या सामानाला दोन गोष्टी हव्या असतात: रेषांमध्ये गडद रंग मुरून नक्षी उठून दिसायला हवी आणि वर ओरखडे सोसणारा कडक थर हवा. खेळातल्या सैनिकालाही नेमकं हेच हवं असतं. त्याच्या बाबतीत रेषेच्या जागी घडी, एवढाच फरक. स्टेन आणि पॉलियुरेथेन वॉर्निश एकत्र असलेले डबे सुतारकामाच्या बाजारात होतेच. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून खेळणाऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले. अमेरिकेत मिनवॅक्स कंपनीच्या ‘पॉलीशेड्स’मधली ‘ट्यूडर’ ही गडद तपकिरी छटा विशेष नावाजली गेली.

तोवर रंगही बदलले होते. इनॅमलची जागा पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकने घेतली होती आणि एकदा पक्का वाळलेला अ‍ॅक्रिलिक या वॉर्निशमधल्या द्रावकाला दाद देत नाही. कच्च्या इनॅमलवर हाच डबा वापरला तर खालचा रंग उकलून वर येण्याची भीती असते. डिप रुजण्यामागचं हे कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते क्वचितच सांगितलं जातं.

पॉलियुरेथेन सावकाश वाळतं. त्यामुळे द्रव वजनाने आणि पृष्ठताणाने खाचांत ओघळायला सवड मिळते. तशीच ती दोन पायांच्या मधे किंवा ढालीच्या खालच्या कडेला डबकं व्हायलाही मिळते, म्हणून जुन्या कुंचल्याने जादा द्रव टिपत बसावं लागतं. डबा हलवायचा नाही, नाहीतर बुडबुडे येतात. काठीने तळापासून ढवळायचा, कारण रंगद्रव्य खाली बसतं. पुढे बऱ्याच जणांनी बुडवणं सोडून तोच द्रव कुंचल्याने लावायला घेतला. नाव मात्र डिपच राहिलं. किमान एक दिवस वाळू दिल्यावर सैनिक चकाकतो, जवळजवळ ब्रिटनच्या सैनिकासारखा. ती चमक मारायला वरून मॅट वॉर्निशचा फवारा द्यावा लागतो. पांढरे गणवेश मात्र पिवळट पडतात. पांढऱ्या गणवेशातलं ऑस्ट्रियन पायदळ रंगवणाऱ्याने हा डबा दूरच ठेवावा.

२००७ मध्ये डेन्मार्कमध्ये आर्मी पेंटर ही कंपनी निघाली आणि तिने हेच द्रव खास सैनिकांसाठी ‘क्विकशेड’ नावाने डब्यात भरलं: सॉफ्ट, स्ट्राँग आणि डार्क अशा तीन छटांत. सुताराचा डबा आता छंदाच्या दुकानात आला. दुसऱ्या बाजूने सिटाडेल या छंदाच्या रंगांच्या ब्रँडने २००९ मध्ये पाण्यातले वॉश काढले. त्यांतला ‘डेव्हलन मड’ इतका आवडला की २०१२ मध्ये तो बंद झाल्यावर लोक खरोखर हळहळले, जरी त्याच्या जागी आलेला ‘अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड’ही तपकिरीच होता. २०१९ मध्ये आलेल्या ‘कॉन्ट्रास्ट’ रंगांनी मूळ रंग आणि सावली एकाच हातात द्यायची सोय केली.

डिपला आळशीपणा म्हणणारे आजही भेटतात. प्रदर्शनातल्या एकट्या सैनिकाबद्दल ते बरोबर आहेत. दोनशे जणांची पलटण टेबलावर उतरवायची असेल तर डिप हाच मला प्रामाणिक मार्ग वाटतो, कारण त्याने फौज रंगून पूर्ण होते. आज बहुतेक जण पाण्यातला वॉश लावतात आणि कडक थर वेगळ्या बाटलीतून देतात. लाकडाच्या रोगणाने जोडलेली ती दोन कामं त्यामुळे पुन्हा वेगळी झाली आहेत.