इमोजी अपडेट: कीबोर्डचा की फॉन्टचा?

अँड्रॉइड फोनवर नवा इमोजी दिसत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: कीबोर्ड अपडेट कर. मग प्ले स्टोअर उघडलं जातं, जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डचं अपडेट होतं, फोन बंद करून पुन्हा चालू केला जातो, आणि समोरच्याने पाठवलेल्या चेहऱ्याच्या जागी तोच रिकामा चौकोन तसाच बसलेला असतो. त्यानंतर दुसरा कीबोर्ड, मग तिसरा. सल्ला खोटा नसतो, पण तो वेगळ्याच दुखण्यावरचा असतो.

कारण 'इमोजी अपडेट' या एका नावाखाली दोन निरनिराळी कामं येतात. कीबोर्ड आपल्यासमोर इमोजींची यादी मांडतो, आपण त्यातून एक निवडतो आणि तिथे त्याचं काम संपतं. पडद्यावर चित्र काढतो तो फॉन्ट, म्हणजे अक्षरांचे आणि चिन्हांचे आकार साठवलेली फाइल. दोघांची अपडेट वेगवेगळ्या वाटेने येतात, वेगवेगळ्या वेगाने येतात, आणि एकाचं अपडेट दुसऱ्याची उणीव भरून काढत नाही.

हे नीट कळायला इमोजी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातो कसा, ते पाहायला हवं. तो चित्र म्हणून जातच नाही. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत प्रत्येक साध्या इमोजीला एक क्रमांक दिलेला असतो, जसा 'क' किंवा 'ख' या अक्षरांनाही असतो. आपण हसरा चेहरा पाठवतो तेव्हा फक्त तो क्रमांक जातो. पोहोचलेल्या फोनने तो आपल्या फॉन्टमध्ये शोधायचा आणि तिथे जे चित्र असेल ते दाखवायचं. चित्र नसेल तर चौकोन. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकूर चौकोनांची रांग होऊन दिसायचा, तो याच कारणाने: अक्षरं बरोबर आलेली असायची, ती काढणारा देवनागरी फॉन्ट नसायचा. त्या फोनवर मराठी कीबोर्ड टाकून वाचता थोडंच येणार होतं?

चित्र फॉन्टचं असतं याचा सगळ्यात मजेदार पुरावा २०१७ सालचा. गूगलच्या बर्गर इमोजीत चीजचा तुकडा टिक्कीच्या खाली होता, ॲपलच्या बर्गरमध्ये वर. कोणीतरी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून हे दाखवलं, बघता बघता वाद पेटला आणि खुद्द सुंदर पिचाई यांनी सगळी कामं बाजूला ठेवून यात लक्ष घालू असं गमतीने जाहीर केलं. अँड्रॉइड ८.१ मध्ये चीज वर सरकलं. बर्गरचा क्रमांक तोच राहिला, कीबोर्डमधली त्याची जागाही तीच, बदललं ते फॉन्टमधलं चित्र. पिस्तुलाचंही तसंच. ॲपलने २०१६ मध्ये त्याची पाण्याची पिचकारी केली, गूगलने २०१८ मध्ये. मधल्या काळात एकाने गंमत म्हणून पाठवलेली पिचकारी दुसऱ्याच्या फोनवर खरंखुरं पिस्तूल होऊन उगवत होती. पाठवणाऱ्याच्या फोनवर काय दिसतं, याच्याशी घेणाऱ्याच्या फोनला काही देणंघेणं नसतं.

आता कीबोर्ड. याचं अपडेट सोपं आहे, कारण तो एक साधं ॲप आहे. प्ले स्टोअरमध्ये जाऊन जीबोर्ड, किंवा तुम्ही जो वापरत असाल तो, शोधायचा. 'अपडेट' असं बटण दिसलं तर दाबायचं. सॅमसंगसारख्या काही कंपन्यांचा स्वतःचा कीबोर्ड असतो आणि त्याचं अपडेट त्या कंपनीच्या ॲप दुकानातून येतं. एवढंच.

पण एक खोच आहे आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. शहाणा कीबोर्ड आपल्याकडचे सगळे इमोजी दाखवत नाही. फोनच्या फॉन्टमध्ये अमुक चित्र आहे का, हे ॲपला आधी विचारता येतं. अँड्रॉइड ६ पासून त्यासाठी सोय आहे. चित्र नसेल तर तो इमोजी यादीतून गाळला जातो, नाहीतर तुम्हाला निवडायला चौकोनच चौकोन दिसले असते. म्हणजे कीबोर्ड अगदी ताजा असला, तरी फॉन्ट जुना असेल तर कीबोर्डही जुनाच वाटतो. नवे इमोजी 'आलेच नाहीत' म्हणून कीबोर्डला बोल लावला जातो. खरं तर ते आलेले असतात, फक्त कीबोर्ड ते दाखवायचं टाळतो.

फॉन्टची गोष्ट जास्त अडचणीची. बहुतेक अँड्रॉइड फोनांत नोटो कलर इमोजी हा गूगलचा फॉन्ट असतो. सॅमसंग स्वतःची चित्रं काढते. फॉन्टची ही फाइल सिस्टीमच्या भागात ठेवलेली असते आणि वापरणाऱ्याला तिथे हात लावता येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं नियम असा होता की नवे इमोजी हवेत तर फोनची पूर्ण सिस्टीम अपडेट व्हायला हवी. रंगीत इमोजी २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ बरोबर आले. पिवळ्या गोळ्यासारखे बुटके चेहरे जाऊन गोल चेहरे आले, ते २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर. (ते गोळे मला अजूनही जास्त आवडतात, पण तो वाद वेगळा.) ज्या फोनला अँड्रॉइड ८ मिळालं नाही, त्यावर गोळेच राहिले, कीबोर्ड कितीही वेळा अपडेट केला तरी.

२०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ ने ही गाठ थोडी सैल केली. तेव्हापासून पूर्ण सिस्टीम न बदलताही फॉन्टची नवी फाइल फोनमध्ये बसवण्याची सोय आहे आणि ती गूगल प्ले सर्व्हिसेस या पडद्यामागे चालणाऱ्या ॲपमार्फत येऊ शकते. 'येऊ शकते' हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तुमच्यासाठी वेगळं बटण नाही, सूचनाही येत नाही, आणि कंपनीने स्वतःचा इमोजी फॉन्ट घातला असेल तर गूगलच्या नव्या फाइलचा त्या चित्रांना उपयोग नाही. तिथे पुन्हा त्या कंपनीच्या सिस्टीम अपडेटचीच वाट पाहायची.

युनिकोडच्या यादीत साधारण दरवर्षी भर पडते. वितळणारा चेहरा २०२१ चा, थरथरणारा २०२२ चा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला दमलेला चेहरा २०२४ चा. यादीत नाव आलं म्हणजे फोनमध्ये चित्र आलं असं होत नाही. आधी फॉन्ट बनवणाऱ्यांनी ते काढायचं, मग फोन कंपनीने आपल्या अपडेटमध्ये घालायचं, मग ते अपडेट तुमच्या मॉडेलपर्यंत पोहोचायचं. 'नवे इमोजी आले' अशी बातमी वाचून त्याच संध्याकाळी फोन तपासण्यात अर्थ नसतो.

चौकोनाखेरीज जुन्या फॉन्टची आणखी एक खूण आहे, ती ओळखता आली तर बराच वेळ वाचतो. काही इमोजी एकट्या क्रमांकाचे नसतात, दोन-तीन क्रमांक न दिसणाऱ्या सांध्याने जोडून केलेले असतात. पेटलेलं हृदय म्हणजे लाल हृदय, सांधा आणि आग. हृदयाचं चिन्ह युनिकोडमध्ये १९९३ पासून आहे, आग २०१० पासून. त्यांची जोडी संमत झाली २०२० मध्ये. फॉन्टला ही जोडी माहीत नसेल तर तो चौकोन दाखवत नाही, हृदय आणि आग शेजारी शेजारी काढून मोकळा होतो. फिनिक्स या आगीतून उठणाऱ्या काल्पनिक पक्ष्याच्या जागी पक्षी आणि आग, लिंबाच्या हिरव्या रूपाच्या जागी पिवळं लिंबू आणि हिरवा चौरस. समोरच्याने दोन इमोजी पाठवले असं वाटतं. पाठवलेला एकच असतो.

कीबोर्ड आणि फॉन्ट या दोघांमध्ये तिसरा गडी लुडबुड करतो, तो म्हणजे ॲप. व्हॉट्सॲप २०१७ पासून अँड्रॉइडवर आपली स्वतःची इमोजी चित्रं वापरतं; फोनचा फॉन्ट काय म्हणतो याची ते पर्वा करत नाही. टेलिग्रामही फोनच्या फॉन्टऐवजी ॲपसोबत आलेली चित्रं दाखवतं. सिग्नलमध्ये तर फोनचेच इमोजी वापरायचे का, असा पर्याय सेटिंग्जमध्ये दिलेला आहे. या ॲपांमध्ये नवा इमोजी दिसत नसेल तर त्या ॲपचंच अपडेट करायचं. कीबोर्ड आणि सिस्टीम दोन्ही निर्दोष. याशिवाय गूगलने २०१७ मध्ये ॲप बनवणाऱ्यांना इमोजीकॉम्पॅट नावाचं एक साधन दिलं. ते वापरणारं ॲप नवा फॉन्ट स्वतःसाठी वेगळा मिळवतं आणि अगदी अँड्रॉइड ४.४ पर्यंतच्या जुन्या फोनवरही नवे इमोजी दाखवू शकतं. अशा ॲपमध्ये लिहायला लागलं की आपल्याला कोणत्या आवृत्तीपर्यंतचे इमोजी काढता येतात हे ते कीबोर्डला कळवतं. म्हणून एकाच फोनवर, एकाच कीबोर्डमध्ये, एका ॲपमध्ये जास्त इमोजी दिसतात आणि दुसऱ्यात कमी. फोन बिघडलेला नाही.

मग आपलं दुखणं नेमकं कुठलं, हे कसं ओळखायचं? मी सगळ्यात आधी सूचनांची पट्टी पाहायला सांगतो. ॲपच्या आत इमोजी नीट दिसतो, पण त्याच संदेशाची सूचना वरून खाली येते तेव्हा चौकोन दिसतो, असं असेल तर फॉन्ट जुना आहे. सूचना फोनची सिस्टीम काढते आणि ॲपची स्वतःची चित्रं तिथे पोहोचत नाहीत. एकाच ॲपमध्ये चौकोन आणि बाकी सगळीकडे ठीक, तर त्या ॲपकडे बघा. सगळीकडे चौकोन, तर फॉन्टच. आणि आलेला इमोजी सगळीकडे छान दिसतो, पण स्वतः पाठवायचा म्हटलं की यादीत सापडत नाही, एवढं एकच लक्षण खऱ्या अर्थाने कीबोर्डचं आहे. त्यावर तात्पुरता उपाय सोपा: आलेला इमोजी दाबून धरून कॉपी करायचा आणि हवा तिथे चिकटवायचा. क्रमांक जातो, काम होतं.

फॉन्टच्या वाटेला जायचं तर सेटिंग्ज उघडून शोधाच्या पट्टीत 'अपडेट' लिहा. प्रत्येक कंपनीने हा पर्याय वेगळ्या जागी ठेवलेला असतो, त्यामुळे पाठ केलेली वाट कामाची नाही. सिस्टीमचं किंवा सॉफ्टवेअरचं अपडेट तयार असेल तर बॅटरी पुरेशी भरलेली असताना आणि वायफायवर ते घ्या. अपडेट नसेल तर 'फोनविषयी' या भागात अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. १२ किंवा त्यापुढची असेल तर गूगल प्ले सर्व्हिसेस ताजी ठेवून थोडी वाट पाहण्यात शहाणपण आहे. त्याहून जुनी असेल आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर फोनचा फॉन्ट आता आहे तसाच राहणार.

याच टप्प्यावर माणसं नको त्या गोष्टींना हात घालतात. 'आयफोनसारखे इमोजी' देण्याचं आश्वासन देणारे कीबोर्ड प्ले स्टोअरवर पोत्याने मिळतात. ते फार तर स्वतःच्या यादीत वेगळी चित्रं दाखवतील. पाठवल्यावर जातो तो क्रमांकच, आणि समोरचा तो आपल्या फॉन्टमध्ये पाहतो. बदल्यात तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर एका अनोळखी ॲपच्या हातून जातं. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड स्वतःच बजावतं की पासवर्ड आणि कार्ड क्रमांकांसह सगळा मजकूर हा कीबोर्ड गोळा करू शकतो. ती ताकीद न वाचता 'ठीक आहे' दाबायची सवय फार वाईट. फोन रूट करून, म्हणजे सिस्टीमवरची कंपनीची बंधनं काढून, फॉन्टची फाइल बदलणं हा मार्ग खरा आहे, चालतोही. पण त्यापायी बँकेची ॲप बंद पडू शकतात आणि पुढचं सिस्टीम अपडेट अडू शकतं. एका वितळणाऱ्या चेहऱ्यासाठी मी तरी हा सौदा करणार नाही.

जीबोर्डमध्ये दोन इमोजी एकत्र करून नवं चित्र बनवता येतं, ती २०२० ची इमोजी किचन नावाची सोयही अनेकदा यात गुंतवली जाते. तिथे तयार होतं ते स्टिकर, म्हणजे खरंखुरं चित्र. त्याला युनिकोड क्रमांक नाही आणि फॉन्टची गरजही नाही. म्हणूनच ते जुन्या फोनवर बिनतक्रार दिसतं, मात्र वाक्याच्या मधोमध अक्षरासारखं बसत नाही.

आणि अपडेटची सगळी दारं बंद असतील, तरी तो चौकोन वाटतो तेवढा रिकामा नसतो. त्याच्या आत क्रमांक शाबूत असतो. तो चौकोन कॉपी करून ब्राउझरच्या शोधपट्टीत चिकटवला की तो कोणता इमोजी आहे हे नावासकट कळतं, आणि बहुतेक वेळा त्याचं चित्रही समोर येतं, कारण अशी पानं इमोजी साध्या चित्राच्या रूपात दाखवतात. तोच चौकोन जसाच्या तसा पुढे पाठवलात तरी चालेल, ताज्या फोनवर तो चेहरा होऊनच उमटेल.