किरणोत्सर्ग अपघात प्रशिक्षण: नाव कुणाचं पाठवायचं, कागद कोणते लागतात

प्रशिक्षणाचं परिपत्रक येतं, आवक क्रमांक पडतो, कागद टेबलाटेबलावरून फिरत रेडिओलॉजीत पोहोचतो आणि एक्स-रे टेक्निशियनचं नाव लागून परत येतो. किरणोत्सर्ग म्हणजे एक्स-रेवाल्यांचा विषय, हा समज रुग्णालयांत फार पक्का आहे. किरणोत्सर्गाने इजा झालेला माणूस मात्र थेट कॅज्युअल्टीत येतो. उलट्या होत असतात, हात लाल झालेला असतो, आणि कशामुळे ते त्यालाही माहीत नसतं.

दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये असंच झालं. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं गॅमा यंत्र भंगारात गेलं, त्यातला कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी स्रोत उघडा पडला आणि एकाचा जीव गेला. संशय आला तो रुग्णालयात, काळवंडलेल्या कातडीवरून. कुर्ल्याचा भंगार बाजार, माहुलच्या रिफायनऱ्या आणि पाइपांचे जोड तपासायला वापरले जाणारे इरिडियमचे किरणोत्सर्गी स्रोत हे सगळं आपल्या मुंबईतही आहे.

त्यामुळे नावं द्यायची ती कॅज्युअल्टीचे वैद्यकीय अधिकारी, तिथल्या सिस्टर आणि रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांची. शक्य असेल तर एका मामांचं (वॉर्डबॉय) आणि एका मावशींचंही (आया). रुग्णाचे कपडे काढतात, लादी पुसतात ते तेच.

मुंबईत हे वर्ग प्रामुख्याने बीएआरसीचे, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉक्टर आणि सुरक्षा-तज्ज्ञ घेतात. प्रवेश सहसा संस्थेच्या नामनिर्देशनावर मिळतो, त्यामुळे स्वतःहून अर्ज पाठवण्यापेक्षा वरिष्ठांमार्फत जा. पालिका रुग्णालयात अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षक, खासगीत वैद्यकीय संचालक. पत्रात नाव, हुद्दा, विभाग, नोंदणी क्रमांक हवा आणि ‘प्रशिक्षणकाळ कर्तव्यकाळ धरला जाईल’ हे वाक्य हवंच. ते राहिलं की नंतर रजेवरून भांडण ठरलेलं. जावक क्रमांक टाकलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.

कागद नेहमीचेच. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची आणि सिस्टरना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी, संस्थेचं ओळखपत्र, आधार, फोटो. टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती किरण लागले ते मोजणारा बिल्ला, वापरत असाल तर त्या मात्रेची (डोसची) नोंदही जोडा. नोंदणीची मुदत आधी पाहून घ्या. नाव, जन्मतारीख आधारवर आहे तशीच लिहा. वर्ग बीएआरसीच्या ट्रॉम्बेच्या आवारात असेल तर प्रवेशपत्र आधी बनतं, आणि स्पेलिंगच्या एका चुकीपायी माणूस फाटकावरच अडकतो. मोबाइल आणि कॅमेरा बाहेर ठेवावा लागेल हे धरूनच निघा. गरोदर असाल तर आयोजकांना लेखी कळवा. सरावात छोटे स्रोत वापरले जाऊ शकतात.

डॉक्टरांसाठी आणखी एक. मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणाला ५ वर्षांत ३० क्रेडिट, म्हणजे पुढील वैद्यकीय शिक्षणाचे गुण, लागतात. या वर्गाला क्रेडिट आहेत का, ते नाव देतानाच विचारा.

एक गल्लत मात्र सारखी होते. हे प्रशिक्षण घेतलं म्हणजे कुणी आरएसओ होत नाही. आरएसओ, म्हणजे विकिरण सुरक्षा अधिकारी, हे २००४ च्या नियमांखालचं पद आहे. त्याची नेमणूक संस्था करते, अणुशक्तीनगरमधल्या एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते आणि अर्ज ई-लोरा या पोर्टलवर संस्थेच्या खात्यातून जातो. त्याची पात्रता आणि अभ्यासक्रम वेगळे. दोन्ही फाइली एकाच क्लार्ककडे असल्या तर हमखास एकमेकींत मिसळतात.

वर्गात शिकवतात त्यातलं सर्वांत मोलाचं म्हणजे क्रम. आधी श्वास, रक्तस्राव, फ्रॅक्चर, किरणोत्सर्ग त्यानंतर. बाहेरून किरण लागलेला रुग्ण स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, त्याला हात लावायला काहीच हरकत नाही. अंगावर किरणोत्सर्गी धूळ असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही वरचे कपडे जपून उतरवले की बहुतेक दूषण त्यांच्याबरोबर निघून जातं. ते पिशवीत बांधायचे, चिठ्ठी लावायची, फेकायचे नाहीत. मग उलटी किती वाजता झाली ते विचारायचं. किरणांचा डोस जितका मोठा तितकी उलटी लवकर. त्यानंतर सीबीसी ही रक्ततपासणी पुन्हा पुन्हा, नजर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर: त्या किती झपाट्याने उतरतात त्यावरून डोसचा अंदाज बांधतात. किरणोत्सर्गी सिझियम पोटात गेलं असेल तर प्रशियन ब्लू हे औषध देतात. आयोडीनच्या गोळीचा उपयोग फक्त किरणोत्सर्गी आयोडीनसाठी, तोही वेळेत दिली तर. लोक ती सगळ्यावरचा उतारा समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

नामनिर्देशन अडून राहिलं तर आयएईएच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पोर्टलवर न्यूक्लियस नावाचं खातं उघडून ऑनलाइन शिकता येतं. ते मोफत आहे आणि त्याला साहेबांची सही लागत नाही. किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटर हातात धरायचा सराव मात्र तिथे होणार नाही.

परत आल्यावर दोन कामं लगेच उरकून टाका. अणुऊर्जा विभागाच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा नंबर मोठ्या अक्षरांत कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावा, कपाटातल्या फाइलीत नको. आणि जो शिकून आला त्याची बदली वर्षभर तरी ओपीडीत होणार नाही, असं मेट्रनबाईंकडून लिहून घ्या.