चेक इंजिनचा लाईट आणि स्कॅनर : पैसे टाकायच्या आधी हे वाचून घ्या

"भाऊ, चेक इंजिन लागून आहे चार दिवसांपासून, एखादा स्वस्तातला स्कॅनर देऊन द्या." आमच्या नागपूरच्या काउंटरवर दिवसातून दोन-तीन वेळा तरी हे ऐकू येतं. तेव्हा आम्ही आधी डबा काढत नाही, आधी चार गोष्टी विचारतो. गाडी कोणती, कोणत्या सालची, पेट्रोल डिझेल की सीएनजी, आणि हातातला फोन कोणता. काही जणांना वाटते हे लोक उगाच टाइम घालवून राहिले, पण या चार उत्तरांवरच ठरते की पाचशेच्या डोंगलमध्ये, म्हणजे गाडीला लावून फोनला जोडायच्या छोट्या स्कॅनरमध्ये, तुमचं काम भागेल की तो डोंगल आठ दिवसांत ड्रॉवरमध्ये पडून राहील. तेच सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे, घरी नेऊन वाचा.

पहिले लाईटचं बघा. पिवळा लाईट नुसता लागून असेल आणि गाडी नेहमीसारखी पळत असेल तर घाबरायचं काम नाही, दोन-चार दिवसांत दाखवा. तोच पिवळा लाईट लुकलुक करत असेल आणि गाडी झटके मारत असेल तर इंजिनमध्ये मिसफायर होऊन राहिला आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो कन्व्हर्टर खराब होतो, जो फार महाग पार्ट आहे. अशा वेळी अॅक्सिलेटर सोडा, हळूहळू गाडी बाजूला घ्या. आणि लाल लाईट, म्हणजे ऑइलचा किंवा टेम्परेचरचा, लागला तर स्कॅनर शोधत बसू नका, गाडी तिथंच उभी करून इंजिन बंद करा.

कोड काय सांगतो, काय नाही सांगत

लाईट लागला की गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा एक नंबर साठवून ठेवतो, तोच कोड, आणि स्कॅनर तो वाचतो. कोडचं पहिलं अक्षर चारपैकी एक असते. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग-सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडी, ज्यात एअरबॅग-एसी येते, आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलं. त्याच्या पुढचा आकडा ० असेल तर बहुतेक तो सगळ्या कंपन्यांचा सारखा कोड, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. हे लक्षात ठेवा, कारण स्वस्त डोंगल ० वाले नीट वाचतात, १ वाल्यांवर नुसता नंबर दाखवून गप्प बसतात. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडरमध्ये मिसफायर, एवढं सरळ. पण तो प्लगमुळे आहे, कॉइलमुळे आहे, इंजेक्टरमुळे आहे की कॉम्प्रेशन गेलं म्हणून आहे, हे कोड सांगत नाही. आणि लोकांचे पैसे जातात ते इथंच.

एक खरी गोष्ट सांगतो. मानेवाड्याचे एक काका आले, पेट्रोल सेडान, एअर फ्लो सेन्सरवाली, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर असलेली. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. कुठंतरी त्यांना सांगितलं की ऑक्सिजन सेन्सर गेला, यांनी तो बदलून टाकला, चांगले हजारो रुपये गेले आणि आठव्या दिवशी लाईट परत हजर. आम्ही कोड बाजूला ठेवला आणि लाइव्ह डेटा उघडला, म्हणजे इंजिन चालू असताना सेन्सर काय आकडे देऊन राहिले ते बघितलं. त्यात फ्युएल ट्रिम नावाचा एक आकडा असतो, इंजिनचा कॉम्प्युटर ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देऊन राहिला ते त्यावरून कळते. अधिक-उणे दहाच्या आत असला तर बरा. काकांच्या गाडीत आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म (सवयीचा) आणि शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) ट्रिम मिळून बावीस-तेवीसच्या वर होता, आणि अडीच हजार आरपीएमला धरून ठेवली की तो पाच-सहावर उतरायचा. आता विचार करा, सेन्सर खोटं बोलत असता किंवा पेट्रोल पंप कमजोर असता तर आरपीएम वाढवल्यावर आकडा असा सुधारला नसता. आयडलवर जास्त आणि स्पीडला कमी, म्हणजे एअर फ्लो सेन्सरच्या पुढं कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरून राहिली. आयडलला इंजिन एकूणच कमी हवा घेते म्हणून चोरून आलेली हवा जास्त जाणवते, स्पीडला तिचा हिस्सा छोटा होतो. बॉनेट उघडून टॉर्चनं बघितलं तर मॅनिफोल्डजवळच्या व्हॅक्यूम पाइपला उंदरानं कुरतडलेलं, तुरीच्या दाण्याएवढं छिद्र. पाइप बदलला, दीडेकशे रुपयांत काम झालं. काकांना पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं ते याचं की कोणी बॉनेट उघडून बघितलंच नव्हतं.

म्हणून आमचं पक्कं म्हणणं आहे, स्कॅनर घेताना डब्यावर "इतके हजार कोड" लिहिलं आहे ते बघू नका. लाइव्ह डेटा दाखवतो का, ग्राफ काढतो का, आणि फ्रीझ फ्रेम वाचतो का ते विचारा. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड लागला त्या क्षणी गाडीचा स्पीड, आरपीएम, इंजिनचं टेम्परेचर, लोड काय होतं त्याची नोंद. ती वाचली की कळते लाईट सकाळी थंड इंजिनवर लागला की वर्धा रोडवर ऐंशीच्या स्पीडला.

तुमच्या गाडीला लागेल का

डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या आसपास, सोळा पिनांचा एक समलंब आकाराचा सॉकेट असतो, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात, ओबीडी म्हणजे गाडीनं स्वतःचा बिघाड स्वतः ओळखायची सोय. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या कारना ओबीडी-टू सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४, म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी नियमांची चौथी पायरी, त्यासोबत २०१० मध्ये ओबीडी-वन आलं आणि १ एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-टू. पण २०१० चं ते बीएस-४ आधी फक्त तेरा शहरांत होतं, मुंबई, पुणे, सोलापूर त्यात होते, आपलं नागपूर नव्हतं. देशभर बीएस-४ झालं ते १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०११-१२ ची इथली गाडी बीएस-३ ची असू शकते, पोर्ट सोळा पिनांचाच दिसेल पण आतली भाषा कंपनीची वेगळी, आणि साधा डोंगल "नॉट कनेक्टेड" म्हणून बसेल. त्यात डोंगलचा दोष नाही. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ कार असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

हे आम्ही स्वतः चुकून शिकलो आहे. दुकान नवीन होतं तेव्हा एका ताईंना आम्ही पोर्ट बघूनच डोंगल देऊन टाकला, गाडीचं साल विचारलंच नाही, त्या कामठीहून दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा गाडी कनेक्ट झाली नाही. पैसे परत केले, पण त्यांचा वेळ कुठून परत देणार. तेव्हापासून पहिले गाडीला लावून बघतो, मग बिल.

टू-व्हीलरवाल्यांनी ऐका, बीएस-६ च्या बऱ्याच बाइकना सहा पिनांचा छोटा कनेक्टर असतो, त्याला अॅडॉप्टर केबल लागते. आणि वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्या भावांनी कारचा डोंगल ट्रकला अजिबात लावू नका, मोठ्या ट्रकची बॅटरी सिस्टीम चोवीस व्होल्टची असते, डोंगल जळू शकते, शिवाय ट्रकची भाषाही वेगळी, तिला जे१९३९ म्हणतात. इलेक्ट्रिक कारचं पण तसंच, बॅटरी पॅकची माहिती साध्या स्कॅनरमध्ये येईलच असं नाही, आधी मॉडेल सांगा.

कोणता घ्यायचा

बाजारात सगळ्यात जास्त विकला जातो तो एल्म३२७ नावाचा ब्लूटूथ डोंगल, हजाराच्या आतबाहेर. एल्म ही कॅनडातली कंपनी होती, ती २०२२ मध्ये बंद झाली, आणि बाजारात जे दिसतात ते जवळजवळ सगळे कॉपी आहेत. कॉपीमध्ये पण फरक असतो. डब्यावर व्हर्जन २.१ लिहिलं म्हणजे १.५ पेक्षा नवीन असं समजू नका, २.१ छापलेल्या बऱ्याच कॉपींमध्ये उलट काही कमांड आणि जुने प्रोटोकॉल, म्हणजे जुन्या गाड्यांशी बोलायच्या भाषा, गायब असतात. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालणार नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्यावा लागेल. फोनमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनर यांपैकी एक अॅप टाकलं की काम सुरू. ज्याला एक गाडी आहे, लाईट लागला की काय झालं एवढं समजून घ्यायचं आहे आणि गॅरेजमध्ये डोळे उघडे ठेवून जायचं आहे, त्याला चांगल्या कॉपीचा किंवा थोडा महागातला डोंगल पुरतो. त्याला आम्ही वरचं काही विकत नाही.

फोनच्या भानगडीत पडायचं नसेल, घरात बाबा किंवा ड्रायव्हर वापरणार असतील, तर वायरवाला हातातला स्कॅनर घ्या, पोर्टला लावला की स्वतःच्या स्क्रीनवर वाचतो. पण बघून घ्या, यातले स्वस्तवाले फक्त इंजिन वाचतात, एबीएस-एअरबॅग नाही. एबीएसचा लाईट लागून असलेल्या माणसाला इंजिनवाला स्कॅनर देणं म्हणजे दात दुखणाऱ्याला चष्मा देणं.

ज्यांचं छोटं गॅरेज आहे, किंवा टॅक्सीच्या चार-पाच गाड्या आहेत, त्यांनी सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले इंजिन-ब्रेक-एअरबॅगचे वेगवेगळे कॉम्प्युटर, वाचणारा आणि गाडीला हुकूम देऊ शकणारा घ्यावा. हुकूम म्हणजे फॅन चालू करून बघणे, थ्रॉटल सेट करणे, डिझेल इंजेक्टर बदलल्यावर त्याचा कोड टाकणे, सर्व्हिस लाईट रिसेट करणे, डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करायला लावणे. लाँच, ऑटेल, थिंककार असे त्यात येतात आणि किंमत वीस-पंचवीस हजारांपासून वर चालली जाते. यात पहिले विचारायचं ते हे, की अपडेट किती वर्षं फुकट आहेत आणि नंतर दरवर्षी किती भरावे लागतील, आणि आपल्या इथल्या गाड्यांचं सॉफ्टवेअर त्यात आहे का. परदेशी यादीत तेच नाव असते पण इंजिन वेगळं असते.

डीपीएफवरून आठवलं. बीएस-६ डिझेल घेऊन जे धरमपेठ ते सदर एवढंच चालवतात त्यांच्याकडे काजळी भरल्याचा कोड, पी२४६३, बऱ्याचदा येतो. लगेच स्कॅनरनं फोर्स रिजनरेशन, म्हणजे हुकूम देऊन ती काजळी जाळणं, करू नका. काजळी फार नसेल आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तर समृद्धीला लागा, शिवमडक्यापासून अर्धा तास एका स्पीडनं चालवा, बऱ्याचदा तेवढ्यानंच साफ होते. उभ्या गाडीत रिजनरेशन करताना सायलेन्सरमधलं तापमान सहाशे डिग्रीच्या घरात जाते, म्हणून बंद पोर्चमध्ये नाही, वाळल्या गवतावर तर मुळीच नाही, उन्हाळ्यात आपल्याकडे गवत पेटायला किती वेळ लागतो हे सांगायची गरज नाही.

जुनी गाडी घेणार असाल तर

२२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आपण कोणी विसरलो नाही. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं, कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. बुडलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढं विकल्या जातात, तेव्हा जुनी गाडी घेताना सगळे मॉड्यूल वाचणाऱ्या स्कॅनरनं एकदा बघून घ्या. एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणचे यू आणि बी कोड दिसले तर सीटखालचं कार्पेट उचलून गाळ, गंज बघा.

विकणाऱ्यानं कोड आधीच पुसले असतील तर? तेही पकडता येते, आणि ते पाचशेच्या डोंगलनंही. लाइव्ह डेटामध्ये "कोड क्लिअर केल्यापासून चाललेलं अंतर" असा एक आकडा बऱ्याच गाड्यांमध्ये असतो. गाडी साठ हजार चाललेली आणि हा आकडा नऊ किलोमीटर, तर विचारा की भाऊ, काल काय पुसलं. सोबत रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी, बघा, कोड पुसला की त्यातले बरेच "नॉट रेडी" होतात आणि पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागते. बॅटरीचा टर्मिनल काढला तरी बऱ्याच गाड्यांत असंच होते.

म्हणूनच तुमच्या स्वतःच्या गाडीत पण क्लिअरचं बटण दाबायची घाई करू नका. पुसलं की फ्रीझ फ्रेम पण गेली, मग मेकॅनिकच्या हातात काही उरत नाही. आधी स्क्रीनचा फोटो काढा, मग काय ते करा.

वापरताना

काम झालं की डोंगल काढून ठेवा. पोर्टच्या सोळा नंबरच्या पिनला चावी बंद असली तरी बॅटरीचा करंट असतो, डोंगल तिथंच लावून गाडी एअरपोर्टच्या पार्किंगला पंधरा दिवस ठेवली तर परत आल्यावर सेल्फ मारायला बॅटरीत दम राहत नाही. शिवाय स्वस्त ब्लूटूथचा पासवर्ड १२३४ किंवा ०००० असतो, कोणीही जोडू शकते. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला बंद गाडीच्या आत काय होते ते तुम्हाला माहीत आहे, डोंगल घरात ठेवा. आणि स्कॅन करायच्या आधी बॅटरी बघा, इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. बॅटरी मेलेली असली की गाडी उगाचच भलतेसलते कोड टाकते, आणि तुम्ही त्यांच्या मागं धावत बसता.

दुकानात येताना गाडी घेऊन या, आरसी किंवा तिचा फोटो असू द्या म्हणजे साल आणि बीएस कोणतं ते कळते, ज्या फोनमध्ये अॅप वापरायचं तोच फोन आणा. आम्ही तुमच्यासमोर लावून, लाइव्ह डेटा चालू करून दाखवतो. पार्किंगमध्ये कनेक्ट झाला नाही तर तो डोंगल तुम्ही घ्यायचा नाही, आम्ही विकायचा नाही. पहिल्यांदा कोड वाचताना काही समजलं नाही तर स्क्रीनशॉट काढून पाठवा, फ्रीझ फ्रेमसकट. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी आम्ही बघून सांगतो.