कॉटर म्हणजे नक्की कुठली पिन? जुन्या ट्रकच्या क्लच-ब्रेक पॅडलची पार्श्वभूमी

फार्गो किंवा बेडफर्डसारखी जुनी ट्रक परत उभी करायला घेतली की सगळे आधी इंजिन, केबिन, रंग याच्या मागं लागतात, आणि पॅडलची पाळी येते तोवर पैसे आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. मग हाताला लागेल तो बोल्ट घालायचा, वेल्डिंगचा एक टाका मारायचा, झालं काम. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात अशा बऱ्याच गाड्यांच्या पायाखालच्या फळीखाली डोकं घालून बघितलंय आणि घोळ जवळजवळ सगळीकडं एकच, पॅडल ज्याच्यावर बसतात त्या एका शाफ्टवर तीन देशांचं सामान.

हे कसं झालं? फार मागं जायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून मुंबईत अमेरिकन ट्रकची जुळणी होत होती, मग कुर्ल्याच्या कारखान्यातनं डॉज, डिसोटो, फार्गो यायला लागले, ट्रक तोच आणि नावं तीन. १९५३ च्या सुमारास सरकारनं ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथंच बनवायचे, तेव्हा दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. १९५४ ला टाटांचा मर्सिडीजबरोबर १५ वर्षांचा करार झाला, कलकत्त्याकडनं बेडफर्ड, मद्रासकडनं लेलँड. म्हणजे पुणे-बेंगळूर रस्त्यावर तंबाखू, गूळ, लाकूड ओढणारे ट्रक अमेरिकन, ब्रिटिश आणि जर्मन अशा तीन घराण्यांचे झाले, आणि दुरुस्तीला मात्र सगळे एकाच मिस्त्रीकडं.

त्यात १९५६. त्या वर्षी १ नोव्हेंबरला आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला हे इथं कुणाला सांगायला नको, पण त्याच वर्षी मेट्रिक मापांचा कायदाही झाला, त्याची आठवण कुणी काढत नाही. पॅडलच्या बाबतीत हा कायदा फार महागात पडलाय. जुन्या फार्गोत पॅडलपासनं क्लचपर्यंतच्या दांड्यांच्या जोडात अर्ध्या इंचाचं भोक असेल तर ते १२.७ मिलिमीटर. पुढं दुकानात सहज मिळायला लागली १२ मिलिमीटरची पिन. ती घातली, बसली, गाडी गेली. पण ०.७ चा ढिलेपणा राहिला आणि पॅडलचा दांडा तो पाच-सहा पट मोठा करून पायाशी आणतो, एका जोडाला साधारण ४ मिलिमीटर. असे तीन जोड धरा, अर्धा इंच नुसता हवेत गेला. ड्रायव्हर म्हणतो क्लच सुटत नाही, मिस्त्री क्लचप्लेट बदलतो, आणि दोष असतो त्या पिनेत. आट्यांचंही तेच, ३/८ चा ब्रिटिश बारीक बोल्ट इंचाला २० आट्यांचा, अमेरिकन २४ चा, हातानं दोन वेढे जातात आणि पुढं पान्यानं जबरदस्ती.

आता मुख्य मुद्दा, कॉटर. या एका शब्दानं जेवढे शाफ्ट खराब केलेत तेवढे गंजानंही केले नसतील. अमेरिकन मॅन्युअलमधे कॉटर पिन म्हणजे दोन पायांची, टोकं वाकवायची ती तारेची पिन, जिला आपण स्प्लिट पिन म्हणतो. ब्रिटिश पुस्तकात मात्र कॉटर म्हणजे एका बाजूनं तिरकी सपाट घासलेली, शेवटी नट असलेली जाड पिन, सायकलच्या क्रँकमधे असते तीच. आपल्याकडं सायकल आधी घरोघरी आली, त्यामुळं आपल्या तोंडात कॉटर म्हटलं की तीच. दोन्ही पिनांचं काम अगदी वेगळं आहे. स्प्लिट पिन नुसती राखण करते, मोठी पिन बाहेर सरकू नये एवढंच, जोर तिच्यावर येत नाही. कॉटर मात्र पाचरीसारखा दांड्याला शाफ्टशी बांधतो, पायाचा सगळा जोर त्याच्यातनं जातो.

मग काय होतं, फार्गोच्या पुस्तकात वाचून कुणीतरी सगळे कॉटर बदला म्हणतो आणि पोरगं सायकलच्या दुकानातनं मूठभर कॉटर घेऊन येतं. तेवढं परवडलं, कारण ते बसतच नाहीत. उलटं झालं तर धोका. ज्या ब्रिटिश गाडीत दांडा कॉटरनं धरलाय तिथं साधा बोल्ट घातला की बोल्ट गोल, शाफ्टवरची खाच तिरकी, जोर एका रेघेवर येतो. महिनाभरात दांडा शाफ्टवर डुलायला लागतो आणि मग कुणीतरी म्हणतं, अण्णा, टाका मारूया की.

यावर आमच्या भागात खरंच दोन तट आहेत. एक म्हणतो वेल्डिंग करा, पक्कं होतं, गाडी काय रोज मालाला जाणार आहे का. दुसरा म्हणतो कॉटर नव्यानं बनवा. पहिल्यांची अडचण समजते, पण मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. टाका मारला की शाफ्ट परत निघत नाही, म्हणजे उद्या बुश, शाफ्टभोवतीची झिजणारी नळी, बदलायचा तर सगळं कापायला लागणार. दांडा बिडाचा असेल तर टाक्याच्या शेजारीच कडक होऊन तडकतो आणि तो पायाखाली तुटला तर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. याउलट बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, लेथवाल्याला जुनी खाच दाखवली तर तो कॉटर करून देतो, खाच खराब असेल तर शाफ्ट भरून परत टर्न करतो. कॉटर कानशीनं घासत घासत बसवायचा, हातोडीनं हलकं ठोकून, नट फक्त धरायला, ओढायला नाही. थोडी गाडी चालवून परत एकदा ठोकून घट्ट करायचा. दुपारभराचं काम आहे.

लोंबती पॅडल, म्हणजे फळीतनं वर न येता डॅशबोर्डमागनं खाली टांगलेली, नंतर आली, अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांना १९५२ पासून. फळीला भोक नाही, त्यामुळं पाणी-धूळ आत येत नाही आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं ऑइल चाकांकडं ढकलणारं नळकांडं, चिखलातनं वर आलं. म्हणून काहीजण जुन्या फार्गोलाही टाटाची लोंबती पॅडल बसवतात. सोय आहे हे खरं, पण डॅशबोर्डमागचा पत्रा तेवढा जोर सोसायला बनवलेला नसतो, ब्रेक दाबला की पत्रा वाकतो आणि अर्धा ब्रेक तिथंच जातो. आणि फळीतनं वर आलेली ती दोन पॅडल हीच त्या गाडीची ओळख आहे, ती काढायची तर मग राहिलं काय?

जमिनीवरच्या पॅडलचा खरा शत्रू म्हणजे खानापूरकडचा पाऊस आणि तांबडी माती. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच शाफ्टवर असतात, क्लचचं पॅडल शाफ्टला बांधलेलं आणि ब्रेकचं त्याच्यावर मोकळं फिरणारं. एका गाडीचे ब्रेक तापायचे, चारही चाकं. आम्ही व्हील सिलिंडर बदलले, नवे रबर घातले, लायनर घासले, तीन आठवडे गेले. मग एकदा कुणीतरी सहज क्लच दाबला आणि शेजारचं ब्रेकचं पॅडलही त्याच्याबरोबर खाली गेलेलं दिसलं. गनमेटलच्या बुशात माती आणि सुकलेलं ग्रीस दगड होऊन बसलं होतं. क्लच सोडला तरी ब्रेक पूर्ण वर येत नव्हता, पॅडलचा पुशरॉड मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनला किंचित ढकलूनच राहायचा, ऑइल परत यायचं तिथलं बारीक भोक झाकलेलं, म्हणून ब्रेक सुटतच नव्हता. बुश ठोकून काढला तर ग्रीसची वाट कुणीतरी पूर्वीच टाका मारून बुजवलेली होती.