अजिंक्यतारा: वेढ्यापासून शाहूनगरापर्यंत

सातारा शहराच्या दक्षिणेला जो आडवा, सपाट माथ्याचा डोंगर दिसतो तो अजिंक्यतारा. पायथ्यापासून उंची साधारण ३०० मीटर. बांधकामाचं श्रेय शिलाहार राजा दुसरा भोज याला देतात. आदिलशाहीत गडाचा तुरुंग झाला. १५८०मध्ये चांदबिबीला इथंच कैदेत ठेवलं होतं. १६७३मध्ये शिवाजी महाराजांनी गड घेतला.

आजच्या नावाचं मूळ मात्र पुढच्या वेढ्यात आहे. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेब स्वतः पायथ्याशी येऊन बसला. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. तोफांनी काम भागेना, शिबंदी म्हणजे गडावरची फौज वरून दगड लोटत होती, तेव्हा मोगल तोफखान्याच्या तरबियतखानानं सुरुंग खणायला घेतले. सुरुंग म्हणजे तटाच्या पायाखाली नेलेलं भुयार. त्याच्या टोकाला दारू ठासायची, तोंड बुजवायचं आणि बत्ती द्यायची. पण तट कुठल्या अंगाला कोसळेल याचा भरवसा नसतो, म्हणून हल्ल्याची फौज लांब थांबवावी लागते. इथं नेमकं तेच पाळलं गेलं नाही. १३ एप्रिल १७०० रोजी पहिल्या सुरुंगानं तट आत ढासळला. गडावरची माणसं गाडली गेली, खुद्द प्रयागजींना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. दुसरा उडाला आणि बुरूज बाहेर, खाली दाटीनं उभ्या असलेल्या मोगलांवर आला. सुमारे दोन हजार माणसं जागीच गेली.

तरी आठवडाभरात, २१ एप्रिलला, गड मोगलांच्या हाती गेला. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं होतं. औरंगजेबाचा मुलगा शहजादा आझम याच्या मध्यस्थीनं बोलणी झाली, म्हणून मोगलांनी नाव ठेवलं आझमतारा. मराठ्यांनी गड परत घेतला आणि तो अजिंक्यतारा झाला. हे नाव पटतं, कारण सुरुंग उडूनही मोगलांना हल्ला करून गड घेता आला नव्हता.

१२ जानेवारी १७०८ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथंच झाला. पण गडावरचं पाणी म्हणजे तळी आणि टाकी, सगळी पावसावर भरणारी. वाढत्या दरबाराला ती पुरणार कशी? शाहूंनी पायथ्याशी शाहूनगर वसवलं आणि यवतेश्वरच्या डोंगरातून नळानं पाणी आणलं. डोंगर शहरापेक्षा उंच, त्यामुळे पाणी उतारानं आपोआप येई. आजचा सातारा त्याच पेठांभोवती वाढला.

गड पुन्हा कैदखाना झाला. १७५०मध्ये ताराबाईंनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांना तिथंच अडकवून ठेवलं. फेब्रुवारी १८१८मध्ये इंग्रजांनी तो घेतला. त्यांनी गादीवर बसवलेल्या प्रतापसिंहांनी कारभार केला तो खालच्या शहरातून.