पहिला गुन्हा आणि कोरी पाटी: एक खुलासा

‘पहिलाच गुन्हा असला की कोर्ट सोडून देते आणि नोंदही राहत नाही’ हा समज चुकीचा आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमानुसार, पूर्वी दोषी न ठरलेल्या व्यक्तीला चोरी, फसवणूक अशा ठरावीक किंवा दोन वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्यांत न्यायालय समज देऊन सोडू शकते. मात्र तो न्यायालयाचा विवेकाधिकार आहे, आरोपीचा हक्क नव्हे. याच कायद्याचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, खुद्द दोषसिद्धी पुसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येही स्पष्ट केले आहे, आणि म्हणूनच सरकारी कर्मचाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ‘यापूर्वी दोषी ठरला आहात काय?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिणे नोकरीवर बेतू शकते.